वाचणारी बाई

लोणावळा
१२ नोव्हेंबर २०२४

ताई,

सप्रेम जय भीम.

तुझी चैताली गेली तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस, कुणी येऊ नका, कुणी फोन करू नका. आम्ही ते पाळलं. आईनेसुद्धा पाळलं. तिला ते किती जड जातंय हे मी दर रविवारी औंढ्याला जाते तेव्हा बघते. पत्राबद्दल मात्र तू काही म्हणाली नव्हतीस, म्हणून हे पत्र. वाचलं नाहीस तरी चालेल, पण परत पाठवू नकोस.

राजेंद्र भाऊजी अधूनमधून मेसेज करतात. "ठीक आहे. बोलत नाही." एवढंच. मला वाटायचं, तू माझ्याशी बोलत नाहीस असं ते कळवतायत. या दिवाळीत मी नीट विचारलं तेव्हा कळलं, की तू कुणाशीच बोलत नाहीस. त्यांच्याशीही नाही. तीन वर्षं त्या घरात तुझा आवाज नाही. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला आणि वाचनालयातली कपाटं पुसत बसले. मला दुसरं काय येतं.

तर वाचनालयाचंच सांगते. तू शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायचीस ती मागची खोली आता ओळखू येणार नाही. भिकाजीकाका अजून कार्यवाह आहेत. त्यांनी कुठल्याशा योजनेतून टॅब मिळवले आणि ते चालवायचं सगळं माझ्या गळ्यात घातलं. ॲपवर पुस्तकं आहेत, वाचायचीही आणि ऐकायचीही. शिवाय आपली जुनी, फाटायला आलेली पुस्तकं स्कॅन करायची आणि मग यंत्राने त्यातली अक्षरं ओळखायची, असंही काम आहे. "भाताची खाचरं" होती तिथे यंत्राने "माताची खेचरं" वाचलं. काका अजून मधेच आठवून हसतात. तुंगार्लीच्या एक आजी टॅबवरही बोटाला थुंकी लावून पान उलटतात, म्हणून मी टेबलावर ओला रुमाल ठेवलाय. पण खरं सांगू, मला हे आवडायला लागलंय. अक्षर मोठं करता येतं म्हटल्यावर काही माणसं किती वर्षांनी परत आली.

मंगळवारी मी स्कूटीवरून आंदर मावळात जाते. ज्यांना इथवर येता येत नाही त्यांच्यासाठी टॅब नेते. कान्हे फाट्यावरून टाकवे आणि पुढे धरणाच्या पाण्याकडेकडेने. शेवटच्या वाडीत अंबाजीआबा म्हणून एक आहेत. भातशेती करायचे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मुलगा तळेगावला कंपनीत, रविवारीच येतो. घरात सून, रुपाली. मी त्यांना टॅब आणि इअरफोन दिला. तिथे रेंज नाही, म्हणून पुस्तकं इथूनच उतरवून नेली आणि कुठे दाबायचं ते रुपालीला दाखवलं. यंत्राचा आवाज बाईचा आहे, पण कसा, तर स्टेशनवर गाडी उशिराने येत असल्याचं सांगते ना, तसा.

आज विचारलं, "आबा, कसं वाटलं?"

म्हणाले, "बाई लय झ्याक वाचती. पर तिला खोकला झालाय. च्यात सुंठ घाल म्हणावं."

मी म्हटलं, सांगते.

आईचं बरं आहे. इंद्रायणी यंदा चांगला झालाय. थोडे तांदूळ पाठवू का?

तुझी
प्रेरणा


लोणावळा
१० डिसेंबर २०२४

ताई,

जय भीम.

तू काही कळवलं नाहीस म्हणून तांदूळ पाठवलेच. पोचल्याचं भाऊजींनी कळवलं. तू माझं पत्र उघडून वाचलंस असंही त्यांनी लिहिलं. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खुशीत होते.

आज मात्र एक विचारायचंय, आणि सरळच विचारते. तू कुठे आवाज दिला आहेस का? म्हणजे पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून, कुठल्या संस्थेला वगैरे? हल्ली पुष्कळ लोक घरबसल्या तसं करतात. भाऊजींना न कळवता करत असशील तर मी सांगणार नाही.

का विचारते ते सांगते. अंबाजीआबा वाचणाऱ्या बाईबद्दल रोज नवीन काही सांगतात असं रुपाली म्हणाली. मी दोनतीन मंगळवार ते हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसाने यंत्राला बाई म्हटलं तर काय बिघडलं. गेल्या खेपेला मी त्यांच्यापुढे टॅब लावला, इअरफोनशिवाय, मोठ्याने. यंत्र वाचायला लागलं. आबांनी थोडं ऐकलं आणि हात हलवला.

"ही न्हवं गं. ही तर टेशनातली. माझी बाई निराळी हाय."

"कशी आहे तुमची बाई?"

"सावकाश वाचती. कुनी काय इचारलं असंल गोष्टीत, तर ते वाक्य दोनदा वाचती, दुसऱ्यांदा बारीक आवाजात. आन मधीच म्हनती, 'थांबा, पान उलटते.' मंग जरा थांबती."

ताई, आठवतं? शनिवारी मुलांना वाचून दाखवताना तू असंच म्हणायचीस. कुणाचं लक्ष तुटू नये म्हणून. मी दाराशी बसून ऐकायचे. हे मी आबांना कधी सांगितलं नाही. सांगायचं कारणच नव्हतं.

आज त्यांनी बाईने वाचलेली गोष्ट मला सांगितली. एक खेकडीण असते. ती तिरकी चालते, म्हणून जिच्या घरी जायचं तिच्या शेजारणीच्या दारात पोचते. गोगलगायीकडे निघते आणि बेडकीकडे पोचते. बेडकीकडे निघते आणि उंदरीणबाईंकडे. सगळीकडे चहा पिऊन येते आणि गोगलगायीची भेट काही होत नाही.

मी परत आले आणि ॲपमध्ये "खेकडा" शोधलं. फक्त रश्श्याची कृती मिळाली, एका पाककृतींच्या पुस्तकात. "खेकडीण" कुठेच नाही. असणारच नाही. ती गोष्ट तू औंढ्याच्या बांधावर बसून रचलीस, चैताली चार वर्षांची होती तेव्हा. ती बिळात काडी घालत होती आणि तू ती काढून घेण्यासाठी गोष्ट सुरू केलीस. मी तिथे होते. आपण तिघीच होतो.

म्हणून विचारते. कुठे वाचली असशील तर सांग. मला बरंच वाटेल.

आबा आणखी एक म्हणाले. ते आत्ता लिहीत नाही.

प्रेरणा


लोणावळा
७ जानेवारी २०२५

ताई,

जय भीम.

भाऊजी म्हणाले, दुसरं पत्रही तू वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. उत्तर नाही. मी त्यांना विचारलं, ताई कधी मोबाईलवर, कॉम्प्युटरवर काही रेकॉर्ड करते का. ते म्हणाले, मोबाईल तर तिने कधीच देऊन टाकला.

मग मी ॲपवाल्या कंपनीला फोन केला. सत्यम नावाचा मुलगा बोलला, पुण्यातून, फार सौजन्याने. म्हणाला, मॅडम, मराठीला आमच्याकडे एकच आवाज आहे. तोच सगळीकडे. खोकला वगैरे त्यात येणं शक्य नाही. मी म्हटलं, टॅबवर काय ऐकलं गेलं ते कळतं का? म्हणाला, टॅब रेंजमध्ये आणला की सगळं आमच्याकडे येतं. कधी लावलं, किती वेळ, कुठे थांबवलं.

म्हणून आज मी तो टॅब परत आणायला गेले. बाकी काही मनात नव्हतं.

आबा नेहमीसारखे ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, घोंगडी पांघरून. तळहातावर तंबाखू तशीच मळलेली, तोंडात टाकायची राहिलेली. कानात इअरफोन. चेहरा असा, की मला हाक मारावीशी वाटेना. मधूनच "हं" म्हणायचे. गोष्ट ऐकताना म्हणतात तसं. एकदा म्हणाले, "मंग?"

मी रुपालीला हळूच म्हटलं, टॅब न्यायचाय, आबांचं ऐकून झालं की देशील का?

ती म्हणाली, "टॅब तर पेटीत हाय. तुमी दिलात त्या दिशी जरा लावला, मंग मीच ठिवला उचलून. लाखमोलाची वस्तू, म्हाताऱ्या मानसाच्या हातून फुटंल म्हून. तुमी मागं येकदा लावलात तेवढ्यापुरता काढलेला."

"मग आबा काय ऐकतायत?"

तिने आबांकडे बोट केलं. इअरफोनची वायर त्यांच्या मांडीवरून खाली आली होती आणि तिची पिन शेणाने सारवलेल्या जमिनीवर नुसतीच पडली होती.

"मला बी आधी भ्या वाटलं," रुपाली म्हणाली. "पर ते जेवत्यात, हसत्यात. सासूबाई गेल्यापास्नं हसलं नव्हतं. मंग म्या काय बोलले न्हाई."

ताई, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दुपार होती, लख्ख ऊन होतं, अंगणात उडीद वाळत घातलेला होता. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. आबांना मी आल्याचं कळलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मला गप्प बसवलं. मग एकदम त्यांचा चेहरा फुलला आणि ते माझ्याकडे वळले.

"आयकलंस? पोर हसली."

मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते हेच. वाचणाऱ्या बाईजवळ एक लहान मुलगी बसलेली असते असं आबा पहिल्यापासून सांगतायत. ती बोलत नाही. खेकडीण चुकीच्या दारात गेली की हसते.

मी त्यांच्या एका कानातलं काढून माझ्या कानात घातलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

टॅब घेऊन आले. संध्याकाळी वाचनालयात जोडला आणि सत्यमला फोन लावला. त्याने बघून सांगितलं, सुरुवातीला थोडा वेळ आणि नंतर एकदा थोडा वेळ, एवढंच या टॅबवर वाजलंय. बाकी तो बंदच आहे. मग मला म्हणाला, मॅडम, तुमच्या वाचकाला ॲप आवडलं नाही का?

मी म्हटलं, आवडलं.

हे सगळं तुला लिहावं की नाही, कळत नव्हतं. आईला सांगितलेलं नाही. तू एकटीच आहेस जिला हे सांगता येईल आणि तुलाच ते सांगू नये असंही वाटतं. तरी पाठवते.

प्रेरणा


लोणावळा
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

मी चूक केली बहुतेक.

माझं पत्र तुला मिळालं त्याच सुमारास आबांची बाई यायची थांबली. आधी ते म्हणाले, गावाला गेली असंल. मग म्हणाले, आजारी असंल, तिला खोकला व्हता. आता काही म्हणत नाहीत. इअरफोन कानात घालून बसतात आणि संध्याकाळ झाली की काढून ठेवतात. अन्नावरची वासना गेलीय. रुपाली पेज करून देते, ती तशीच राहते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय आहे.

परवाच्या मंगळवारी त्यांनी मला विचारलं, "म्या काय वंगाळ बोललो का तिला?"

मी म्हटलं, "नाही आबा."

"मंग का गं येत न्हाई? पोरीची तबेत बरी हाय ना?"

मी नवा टॅब लावला, नवीन गोष्टींचं पुस्तक लावलं, वेग कमी केला, आवाज मऊ करायचं एक बटण असतं तेही करून बघितलं. ते माझ्यासाठी ऐकत राहिले. शेवटी माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बाळ. तू तरी काय करशील."

काल भाऊजींचा फोन आला. मेसेज नाही, फोन. इतकी वर्षं माझ्याशी चार शब्दांपलीकडे न बोललेला माणूस बराच वेळ बोलला. तू रोज दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला चैतालीच्या खोलीत जायचीस आणि दार ओढून घ्यायचीस, हे त्यांनी सांगितलं. एकदा फटीतून त्यांनी पाहिलं होतं. तू तिच्या पलंगावर, मांडीवर पुस्तक घेऊन बसली होतीस. ओठ हलत होते. आवाज नव्हता. ते दार न वाजवता परत फिरले.

मग म्हणाले, "एक विचारू का? हसू नका. दिवाळीपासून त्या खोलीत तंबाखूचा वास येतो. मी खात नाही, घरात कुणी खात नाही. मी खिडक्या तपासल्या, शेजारी विचारून आलो. महिनाभर झाला, वास बंद झाला. आणि हिने त्या खोलीत जाणंही बंद केलं. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते."

मी त्यांना आबांबद्दल काही सांगितलं नाही. फोन ठेवला आणि कागद काढला.

ताई, तू माझी पत्रं वाचतेस, म्हणून आता सगळं लिहिते. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. इअरफोन कानात घातला तेव्हा मला वाचणारी बाई ऐकू आली नाही, हे खरं. पण हसू ऐकू आलं. अगदी थोडं. शेवटी उचकीसारखं अडकलेलं. तसं हसणारं मूल मी आयुष्यात एकच पाहिलंय. मी ते कानातून काढून टाकलं आणि आबांच्या हातात दिलं, आणि अंगणात जाऊन उडीद निवडायला लागले. रुपाली म्हणाली, ताई, निवडलेला हाय तो. तुला लिहिलं नाही, कारण तुला ते ऐकू येत असेल की नाही हे मला माहीत नव्हतं. तुला येत नसेल आणि मला आलं, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार?

तू थांबलीस कारण तुला वाटलं कुणीतरी चोरून ऐकतंय. मला तसंच वाटलं असतं. तुझं एवढं एकच उरलेलं होतं आणि त्यात एक परका म्हातारा येऊन बसला. पण तो वाईट माणूस नाही, ताई. त्याला दिसत नाही. त्याची बायको गेलीय. त्याला वाटतं, आपल्याच बोलण्याचा कुणाला राग आला.

ये असं मी म्हणणार नाही. तू नको म्हणाली होतीस. मी फक्त आबांना काय सांगू ते कळव. दोन ओळी लिही. त्यांना मी वाचून दाखवीन.

प्रेरणा


लोणावळा
१९ मार्च २०२५

राजेंद्र भाऊजी,

सप्रेम जय भीम.

फोनवर मी फक्त "ताई ठीक आहे, थोडे दिवस राहील" एवढंच म्हटलं. तुम्ही काही विचारलं नाहीत. पण तुम्ही तिला गाडीत बसवून दिलंत, डब्यातल्या बायकांना तिच्याकडे लक्ष द्यायला सांगितलंत, ती बोलत नाही म्हणून तिच्या पर्समध्ये माझा नंबर चार ठिकाणी ठेवलात. तुम्हाला सगळं कळायला हवं. फोनवर मला ते बोलता येणार नाही.

पुणे स्टेशनवर ती उतरली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. केस पांढरे झालेत. तिने मला बघितलं आणि बॅग माझ्या हातात दिली. लोणावळ्यापर्यंत ती खिडकीशी बसून होती. घरी आली, जेवली, झोपली. आईला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी स्कूटी काढली, तर ती चपला घालून दारात उभी. मी तिला मागे बसवलं. पूर्ण रस्ताभर तिने माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं. धरणाचं पाणी आता पार खाली गेलंय, तळ दिसतो. तिथे तिने मला थांबवलं आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. मग परत येऊन बसली.

तुमच्या घरातल्या वासाचं कोडं आधी सोडवते, जमेल तेवढं. जे घडलं त्यानंतर, काल संध्याकाळी, ताईने ते मला सांगितलं. हो, सांगितलं, तोंडाने. आवाज पार बसलेला आहे, दोन वाक्यं बोलली की पाणी प्यावं लागतं. ती म्हणाली, "मी चैतालीला मनात वाचून दाखवायचे. दिवाळीनंतर दाराजवळ कुणीतरी येऊन बसायला लागलं. दिसायचं नाही. ओल्या घोंगडीचा आणि तंबाखूचा वास यायचा. मधेच 'हं' म्हणायचा. मला भीती नाही वाटली. उलट तो 'हं' म्हणाला की चैताली हसायची. त्याच्याआधी मला ती कधी ऐकू आली नव्हती. तुझं पत्र आलं आणि मला लाज वाटली. कुणीतरी मला बघितलं असं वाटलं. मी खोलीत जाणं सोडलं. नंतर एकदा गेले, वाचून बघितलं, तर नुसतीच खोली. तो नाही, तीही नाही."

हा दाराशी बसणारा माणूस म्हणजे आंदर मावळातले अंबाजीआबा. त्यांच्याबद्दल ताईला लिहिलेली पत्रं तिच्या उशीखाली असतील, ती वाचा. याचा उलगडा मला करता येत नाही. भिकाजीकाकांनाही मी विचारलेलं नाही.

आता कालचं.

आबा ओटीवर नव्हते, आत निजले होते. रुपालीने सांगितलं, दोन दिवस नुसतं पाणी. खोलीत वरच्या कौलातल्या काचेतून तेवढा उजेड येत होता. मी म्हटलं, "आबा, माझी बहीण आलीय."

त्यांनी डोळे उघडले. दिसत नाही तरी उघडतात. ताई त्यांच्या अंथरुणाशेजारी खाली बसली. तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आबांनी हात पुढे केला. मला वाटलं तिचा हात शोधतायत. पण हात ताईकडे गेलाच नाही. तिच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून थोडा वर, त्यांनी तळवा धरला आणि हळूहळू फिरवला. बसलेल्या लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"ही बी आली व्हय," ते म्हणाले.

रुपालीने माझा दंड पकडला. ताई त्या हाताकडे बघत होती. मग तिने माझ्या पिशवीतला टॅब काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी जवळ जाऊन तो चालू करून दिला. कोणतं पुस्तक, असं खुणेने विचारलं. तिने यादीवरून बोट सरकवत नेलं आणि एकावर थांबवलं. नवीनच आहे, या महिन्यात आलंय, घाटातल्या पक्ष्यांवरच्या गोष्टी. ते ना तिने वाचलेलं होतं, ना चैतालीने ऐकलेलं. अक्षर बारीक होतं, मी मोठं करून दिलं.

ताईने श्वास घेतला आणि थांबली. पुन्हा घेतला. मग म्हणाली, "पहिलं प्रकरण."

भाऊजी, तो आवाज तुम्हीही ओळखला नसता. लाकूड घासल्यासारखा. पहिल्या ओळीलाच तिला खोकला आला. आबांचा चेहरा हलला. त्यांनी उशीवर मान वळवली, कान तिच्याकडे केला.

"आलीस," ते म्हणाले. "मला वाटलं रागावलीस."

ताईने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही."

ती वाचत राहिली. शब्द अडखळत होते, मग कमी अडखळायला लागले. आबा "हं" म्हणायचे. रुपाली पेज घेऊन आली आणि चमच्याने भरवायला लागली. वाचन चालू होतं तोवर ते खात राहिले. मी भिंतीला टेकून बसले होते. आपल्या बहिणीचा आवाज इतक्या वर्षांनी कानावर पडतोय एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तरी माझं लक्ष सारखं तिच्या डाव्या बाजूला जायचं. तिथे काही नव्हतं. ताईने त्या बाजूचा पाय तसाच मुडपून ठेवला होता. तो नक्कीच भरून आला असणार, पण तिने तो हलवला नाही.

प्रकरण संपत आलं. त्यात एक भारद्वाज आरशासमोर स्वतःशीच भांडतो, मजेदार आहे. रुपालीही हसली. आबा मात्र हसले नाहीत. ते कान देऊन होते, जसं काही आणखी कुणाचं हसू यायचं राहिलंय. ताईनेही वाचणं थांबवलं. दोघं वाट बघत होती. बाहेर गोठ्यात बैलाने शिंग घासलं तेवढाच आवाज.

शेवटी आबा म्हणाले, "आज पोर हसली न्हाई."

ताईने टॅब मांडीवर ठेवला.

"निजली जनू," आबा म्हणाले.

ताईने डावीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा शांत होता. तिने आपला हात उचलला, हवेतच, अगदी हलकेच ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"हो आबा," ती म्हणाली. "झोपली."

"मंग हळू वाच जरा," आबा म्हणाले.

ताईने टॅब डोळ्यांजवळ घेतला, आवाज खाली आणला आणि दुसरं प्रकरण सुरू केलं.

तुमची
प्रेरणा